रिफ कोणाची? पुण्यातल्या एका रॉक बँडचं श्रेयाचं प्रकरण

हे प्रकरण मी वकील म्हणून हाताळलं. संबंधितांच्या परवानगीने लिहिते आहे. नावं, बँडचं नाव आणि गाण्याची ओळख पटेल असे तपशील काढले आहेत, रकमा गोल केल्या आहेत. मी स्वतः कॉलेजात चार वर्षं बेस वाजवला. त्यामुळे या भांडणाकडे मला नुसतं कागदावरचं भांडण म्हणून पाहता आलं नाही, हे आधीच सांगते.

पार्श्वभूमी

चौघांचा बँड. गायक, गिटारवादक, बेसवादक आणि ड्रमर. सगळे पुण्याचे, दोघे नोकरी करणारे. मराठीत रॉक करायचं या हट्टाने २०१६ मध्ये एकत्र आलेले. शनिवारी रात्री तासावर भाड्याने जॅम रूम, म्हणजे सरावाची खोली, घ्यायची, तिचे पैसे चौघांत वाटायचे, असा शिरस्ता.

ऑगस्ट २०१७ मधल्या एका रात्री बाकीचे तिघे खाली चहाला गेले होते. गिटारवादक एकटाच वर होता. त्याने सर्वांत जाड तार एक सूर खाली उतरवली आणि सात मात्रांत एक रिफ, म्हणजे परत परत येणारी छोटी सुरावट, वाजवायला लागला. लहानपणी तो तबल्याच्या क्लासला जायचा. रूपक तालाचं तीन-दोन-दोन त्याच्या बोटांत तेव्हापासून बसलेलं. विसरायला नको म्हणून त्याने फोन अ‍ॅम्पवर ठेवून ४१ सेकंदांचं रेकॉर्डिंग केलं. मी ते ऐकलं आहे. शेवटी दार उघडल्याचा आवाज येतो आणि ड्रमर विचारतो, "हे काय आहे? परत वाजव."

पुढच्या तीन आठवड्यांत त्या रिफवर गाणं उभं राहिलं. शब्द पूर्णपणे गायकाचे, मुखड्याची आणि अंतऱ्याची चालही त्याचीच. पण रिफ गाण्याच्या सुरुवातीला येते, प्रत्येक मुखड्यानंतर परत येते आणि गाणं संपतंही तिच्यावरच. ज्यांना हे गाणं आवडतं ते आधी रिफ गुणगुणतात, शब्द नंतर.

२०१८ मध्ये पाच गाण्यांचं रेकॉर्डिंग झालं. स्टुडिओ ड्रमरने ठरवला, खर्च ७२ हजार आला. प्रत्येकाने १८ हजार यूपीआयने पाठवले आणि सोबत टीप लिहिली, 'रेकॉर्डिंग'. या चार टिपा पुढे फार उपयोगी पडल्या.

चूक कुठे झाली

गाणी ऑनलाइन चढवायचं काम गायकाकडे होतं. डिस्ट्रिब्युटरचा, म्हणजे गाणी ऑनलाइन पोहोचवणाऱ्या कंपनीचा, फॉर्म त्याने रात्री दोनला भरला. गीतकार आणि संगीतकार या दोन्ही रकान्यांत त्याने स्वतःचं नाव टाकलं आणि बाकी तिघांना वादक म्हणून दाखवलं. पाचही गाण्यांना तेच.

गिटारवादकाने तेव्हा ग्रुपवर एकदाच विचारलं होतं, "क्रेडिटचं काय केलंस?" त्यावर गायकाने अंगठा पाठवला. विषय तिथेच संपला. साडेतीन वर्षं कोणी पुन्हा बोललं नाही, कारण त्या गाण्यांतून येणारे पैसे चहापाण्याला पुरतील इतकेच होते.

२०२१ मध्ये एका निर्मिती संस्थेने हे गाणं वेब सीरिजसाठी मागितलं. मोबदला चार लाख, दोन हप्त्यांत. करारावर सही एकट्या गायकाने केली. पहिला हप्ता आल्यावर त्याने तिघांना प्रत्येकी १५ हजार पाठवले आणि लिहिलं, 'सेशनचे', म्हणजे नुसतं वाजवल्याचं मानधन. गिटारवादकाने सीरिज घरच्यांसोबत पाहिली. शेवटच्या पाटीवर 'गीत-संगीत' म्हणून एकच नाव आलं. त्याच्या आईने विचारलं, "अरे, तुझं नाव कुठे आहे?" जानेवारी २०२२ मध्ये तो माझ्याकडे आला, तेव्हा सगळ्यात आधी त्याने मला हा प्रश्नच सांगितला. पैशाचं नंतर.

इथे मी दोन गोष्टींत फरक करते. फॉर्म भरताना झाली ती बेफिकिरी होती. असे फॉर्म भरणारा माणूस झोपेत असतो, रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही, आणि त्याला स्वतःचं नाव आणि स्पेलिंग तोंडपाठ असतं. २०२१ चा करार करताना मात्र गायक पूर्ण जागा होता. 'हे गाणं माझी एकट्याची निर्मिती आहे' असं हमीचं कलम त्यात होतं आणि त्याने त्याखाली सही केली. अन्याय झाला तो तिथे. सांगीतिक क्षेत्रात बहुतेक वेळा असंच होतं. आधी कोणाच्याही मनात काही नसतं, मग पैसा येतो आणि जुनी बेफिकिरी सोयीची वाटायला लागते.

कायदा काय म्हणतो

एका गाण्यात तीन वेगवेगळे हक्क असतात, आणि निम्मी भांडणं हे माहीत नसल्यामुळे होतात. शब्दांचा हक्क गीतकाराचा. चालीचा, म्हणजे संगीतकृतीचा, हक्क संगीतकाराचा. आणि प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाचा, म्हणजे ज्याला आपण मास्टर म्हणतो त्याचा, हक्क निर्मात्याचा. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार मुद्रणाचा निर्माता म्हणजे ते घडवून आणण्यात पुढाकार आणि जबाबदारी घेणारी व्यक्ती. स्टुडिओ एकाने ठरवला, पैसे चौघांनी भरले. म्हणजे मास्टरमध्ये चौघेही मालक होते. हे मी सांगितलं तेव्हा गिटारवादक बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. जवळजवळ चार वर्षं तो एका मालमत्तेच्या चौथ्या हिश्श्याचा मालक होता आणि त्याला ते ठाऊकच नव्हतं.

दुसरी गोष्ट स्वरलेखनाची. "मला नोटेशन येत नाही, मग माझं काय चालणार?" असं मला अनेक गिटारवादक विचारतात. १९९४ पूर्वी संगीतकृतीच्या व्याख्येत ती लिहिलेली किंवा छापलेली असण्याची अट होती. त्या वर्षीच्या दुरुस्तीने ती काढली. आता ज्याने संगीत रचलं तो संगीतकार, मग त्याने ते कागदावर उतरवलेलं असो वा नसो. फोनवरचं ४१ सेकंदांचं रेकॉर्डिंग हा इथे उत्तम पुरावा होता. फक्त त्याची प्रत न्यायालयात वापरायची तर तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागलं असतं, म्हणून मी त्याला आधी सांगितलं की फाइल मूळ फोनमध्येच राहू दे आणि फोन विकू नकोस.

तिसरी गोष्ट, सहमालकाची परवानगी. एक सहमालक दुसऱ्याच्या संमतीशिवाय परवाना देऊ शकत नाही, ही भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने २००८ मध्ये घेतली आहे. म्हणजे गायकाने एकट्याने केलेला करार मुळातच लंगडा होता.

गायकाचा करार वाचताना आणखी एक कलम दिसलं. गाण्याचे सर्व हक्क कायमसाठी, साऱ्या जगासाठी, आणि रॉयल्टीवर पाणी सोडून. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांना चित्रपटगृहातल्या प्रदर्शनाखेरीज इतर वापरातून मिळणाऱ्या रॉयल्टीचा समान वाटा सोडताच येत नाही, सोडला असं लिहिलं तरी ते लिखाण पोकळ ठरतं. म्हणजे या करारात गायकही फसला होता. हा मुद्दा पुढे बोलणी सुरू होताना कामी आला.

पहिला निर्णय: दावा किती मोठा करायचा

गिटारवादकाला पाचही गाण्यांवर नाव हवं होतं. "प्रत्येक गाण्यात मी वाजवलंय, ताई. माझ्याशिवाय ती गाणी तशी वाजलीच नसती."

मी त्याच्याकडून सगळी कच्ची रेकॉर्डिंग मागवली आणि दोन संध्याकाळी बसून ऐकली. तीन गाणी गायक घरूनच पूर्ण घेऊन आला होता. अकूस्टिक गिटारवर गायलेली, चाल आणि कॉर्ड्‌ससकट. गिटारवादकाने त्यांत लीड आणि सोलो भरले. सोलो सुरेख आहेत. पण आधीच तयार असलेल्या गाण्यात आपल्या वाद्याची बाजू भरणं आणि गाणं रचणं यांत कायदा फरक करतो.

याचं प्रसिद्ध उदाहरण लंडनचं आहे. स्पँडाऊ बॅले या बँडची गाणी गिटारवादक गॅरी केम्प लिहायचा. गायक, ड्रमर आणि सॅक्सोफोन वाजवणारा अशा तिघांनी त्याच्यावर दावा केला आणि १९९९ मध्ये ते हरले. केम्प गाणी जवळपास पूर्ण करूनच बँडपुढे मांडायचा, हे न्यायालयाने धरलं. सॅक्सोफोनचा सोलोही त्यांना तारू शकला नाही.

याच्या उलट बाजूचं उदाहरण प्रोकोल हारम या बँडचं. त्यांच्या १९६७ च्या गाजलेल्या गाण्याच्या सुरुवातीचे ऑर्गनचे सूर मॅथ्यू फिशर यांनी रचले होते. श्रेयात त्यांचं नाव नव्हतं. त्यांनी २००५ मध्ये दावा केला आणि २००९ मध्ये ब्रिटनचं तेव्हाचं सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्‌सने संगीतातला ४० टक्के वाटा त्यांना परत मिळवून दिला. अडतीस वर्षं गप्प बसलात म्हणून हक्क गेला, असं न्यायालय म्हणालं नाही. मात्र मागच्या सगळ्या वर्षांचे पैसे काही मिळाले नाहीत.

परदेशातले हे निकाल इथे बंधनकारक नाहीत, पण विचार करायला चांगले आहेत. आमचं रिफचं गाणं फिशर यांच्या बाजूला पडत होतं, सोलोची तीन गाणी केम्पच्या बाजूला. मी सांगितलं, दोनच गाण्यांवर दावा करू: हे गाणं, आणि ज्यात मधल्या भागाची चाल त्याच्या रेकॉर्डिंगमध्ये आधी सापडते ते दुसरं. तो नाराज झाला. चहा अर्धा टाकून उठला. दोन दिवसांनी त्याचा निरोप आला: "ठीक आहे. दोन."

हा निर्णय मला आजही बरोबर वाटतो. पाचही मागितली असती, तर खरी दोनही संशयाच्या भोवऱ्यात सापडली असती.

कोणते मार्ग होते

गप्प बसणं हा एक मार्ग होता. बँडमधले बहुतेक लोक तोच घेतात आणि मग वर्षानुवर्षं कुढतात.

दुसरा, समाजमाध्यमांवर सगळं मांडणं. पोस्ट त्याने लिहूनही ठेवली होती. मी ती वाचली. खरी होती, पण तीन वाक्यांत गायकाला चोर म्हटलं होतं. मूळ प्रश्न सुटला नसता, उलट अब्रुनुकसानीची नोटीस आली असती.

तिसरा, दावा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ मुळे पुण्यातच, वादी जिथे राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात तो करता आला असता. पण सीरिज येऊन सात महिने झाले होते. तातडीचा मनाई हुकूम मागायला गेलो असतो, तर न्यायाधीशांचा पहिला प्रश्न असता, इतके दिवस काय करत होतात? आणि तातडी नसेल तर व्यावसायिक वादात आधी मध्यस्थी करावी लागतेच.

चौथा, थेट बोलणी. आम्ही हाच मार्ग घेतला.

दुसरा निर्णय, आणि माझी चूक

मी गायकाला पत्र लिहिलं आणि त्याच दिवशी त्याची प्रत निर्मिती संस्थेला पाठवली. कायद्याच्या दृष्टीने ते चोख होतं. परवाना सदोष आहे हे त्यांना कळवणं आवश्यकच होतं. पण संस्थेने लगेच दुसरा हप्ता थांबवला. गायकाने त्या दोन लाखांच्या भरवशावर नव्या घराचं डिपॉझिट ठरवलं होतं.

त्या रात्री त्याने गिटारवादकाला फोन केला. "अरे, मला सांगायचंस ना आधी. वकिलाकडे कशाला गेलास?" यावर गिटारवादकाला उत्तर सुचलं नाही. खरंच त्याने सांगितलं नव्हतं. मनातल्या मनात चार वर्षं बोलत होता, तोंडाने एकदाही नाही.

गायकाला पत्र आधी आणि संस्थेला दहा दिवसांनी, असं मी करायला हवं होतं. दहा दिवसांत काहीही बिघडलं नसतं. माझ्या घाईमुळे बोलणी दोन महिने लांबली.

बैठक

शेवटी मार्चमध्ये एका रविवारी सकाळी ड्रमरच्या घरी, कोथरूडला, सगळे जमले. त्याच्या बायकोने पोहे केले होते. पहिला अर्धा तास कोणी कोणाकडे पाहत नव्हतं.

मी गायकाला सुरुवातीला त्याचाच करार वाचून दाखवला, रॉयल्टीचं कलम. "हे तुझ्याकडूनही काढून घेतलंय. आपण भांडत बसलो तर हे कोण सोडवणार?" तो तेव्हा पहिल्यांदा सरळ बसला.

मग गायकाचा मुद्दा आला. "रिफ म्हणजे सजावट. चाल माझी आहे. रिफ काढली तरी गाणं राहतं." त्याला हे मनापासून वाटत होतं.

मला अमेरिकन रॉक गायक-गिटारवादक जॉन फॉगर्टी आठवला. त्याच्यावर त्याच्याच जुन्या कंपनीने दावा लावला होता की तुझं नवं गाणं तुझ्याच जुन्या गाण्याची नक्कल आहे, आणि जुन्या गाण्याचे हक्क आमचे आहेत. १९८८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयात तो गिटार घेऊन साक्षीला बसला आणि ज्यूरीला वाजवून दाखवलं की आपण गाणं कसं करतो. तो जिंकला.

मी म्हटलं, रिफ काढून गा. कोपऱ्यात अकूस्टिक गिटार होती. गायकाने नुसत्या कॉर्ड्‌स धरल्या आणि गायला लागला. मुखडा झाला. पुढे जिथे रिफ येते तिथे तो थांबला, कारण तिथे काही नव्हतं. त्या शांततेत ड्रमरची बोटं टेबलावर आपोआप सात मात्रा मोजत होती, तीन-दोन-दोन. बेसवादक खिडकीबाहेर बघत होता आणि त्याचा पायही तोच ठेका धरून होता. गायकाने गिटार बाजूला ठेवली आणि म्हणाला, "बरं."

मग ड्रमर बोलला. "मुखड्यात सातावरून आठावर जायचं मी सुचवलं होतं. त्याचं काय?" प्रश्न रास्त होता. नुसता ठेका धरणं म्हणजे रचना नव्हे, पण गाण्याचा बांधा बदलेल असा बदल सुचवणं ही वेगळी गोष्ट. त्या आठवड्याची दोन रेकॉर्डिंग शेजारी शेजारी लावून ऐकली. त्याचं म्हणणं खरं निघालं.

चौघांच्या नावे सारखं श्रेय हाही पर्याय मांडून झाला. क्वीन या ब्रिटिश बँडने १९८९ च्या अल्बमपासून सगळी गाणी बँडच्या नावावर लावली आणि आतली भांडणं कमी झाली, हे मी सांगितलं. पण तो निर्णय गाणी होण्याआधी घ्यायचा असतो. झालेल्या गाण्यावर, विश्वास तुटल्यावर, तो कोणालाच पटला नाही.

काय ठरलं

शब्द शंभर टक्के गायकाचे. संगीत: गिटारवादक ४५, गायक ४०, ड्रमर १५. मास्टरमध्ये चौघांचा समान चौथा हिस्सा.

चार लाखांची विभागणी अशी झाली. निम्मे, म्हणजे दोन लाख, मास्टरचे. प्रत्येकी ५० हजार. उरलेल्या दोन लाखांपैकी एक लाख शब्दांचे, गायकाला. एक लाख संगीताचे, वरच्या प्रमाणात. गिटारवादकाचे एकूण ९५ हजार झाले. त्यातले १५ आधी मिळालेले वजा जाता ८० हजार त्याला चार हप्त्यांत मिळाले, शेवटचा हप्ता दोन महिने उशिरा. गायकाकडे या सगळ्यानंतरही १ लाख ९० हजार राहिले. चौघांत सर्वांत जास्त त्याचेच होते, आणि हे गणित कागदावर पाहिल्यावर त्याचा बराचसा राग गेला. खरं वाटप केल्याने आपण लुटले जाऊ, ही भीती बऱ्याचदा आकडे न मांडल्यामुळेच असते.

निर्मिती संस्थेबरोबर चौघांच्या सहीचा नवा परवाना झाला. रॉयल्टी सोडण्याचं कलम गेलं आणि अडकलेला हप्ता सुटला. गिटारवादक आणि ड्रमर आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे सभासद झाले आणि गाण्याची नोंद नव्या वाट्यांनुसार झाली. दुसऱ्या गाण्याचंही असंच निस्तरलं, तिथे वादच झाला नाही.

सीरिजच्या शेवटची पाटी मात्र बदलली नाही. चित्र लॉक झालं आहे, म्हणजे संकलन पक्कं झालं आहे, आता बदल नाही, असं उत्तर आलं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे कृतीवर आपलं नाव असण्याचा हक्क रचनाकाराला आहे, आणि तो पैशाच्या हक्काहून वेगळा आहे. आम्ही तिथे अडून बसलो नाही, कारण तोवर सगळे थकले होते. आता वाटतं, अडायला हवं होतं. तो माणूस माझ्याकडे पैशासाठी आला नव्हता, आईच्या प्रश्नासाठी आला होता. त्या प्रश्नाचं उत्तर मी त्याला मिळवून दिलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत स्वस्त वेळ ऑगस्ट २०१७ चीच होती. गाणं पूर्ण झालं त्या रात्री एका कागदावर चार नावं, चार आकडे आणि चार सह्या. त्याला वकीलही लागत नाही. आता माझ्याकडे येणाऱ्या बँडना मी रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तोंडाने तारीख आणि हजर असलेल्यांची नावं बोलायला सांगते. जॅम रूममध्ये आपण स्वतःहून पुरावा ठेवतो तो एवढाच.

फॉर्म एकट्याने भरू नये. भरलाच तर पाठवण्याआधी त्याचा फोटो ग्रुपवर टाकावा. आणि अंगठ्याच्या चिन्हावर कोणी समाधान मानू नये.

बँड त्यानंतर दोन कार्यक्रमांत एकत्र वाजला आणि मग थांबला. गायक आणि गिटारवादक आता बोलतात, पण एकत्र काही करत नाहीत.

एक गोष्ट मला उशिरा लक्षात आली. बैठकीत बेसवादक जवळजवळ बोललाच नव्हता. मास्टरचे ५० हजार घेऊन, सही करून तो गेला. सहा महिन्यांनी मी ते गाणं गाडीत ऐकत होते. मधल्या भागात गिटार थांबते, आवाजही थांबतो, आणि बेसवर एक चढती ओळ येते. गाणं पुन्हा उसळतं ते तिच्यावर. स्वतः बेस वाजवलेली मी, आणि त्या ओळीबद्दल मी विचारलंच नव्हतं. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "हो, ती माझी आहे. कोणी विचारलं नाही, म्हणून मी बोललो नाही." मग त्याने ती फोनवर गुणगुणून दाखवली. करारनाम्यात तिचा उल्लेख नाही.